सहाच मार्क

"दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

ढवळे गुरुजींनी उजवा हात गळ्यातल्या झोळीत सावरला आणि पेपर तपासावा तसा नीट विचार केला. "सहा."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, प्रमिलाताईंनी, चमकून त्यांच्याकडे पाहिलं. खांद्यातल्या नसेवरच्या गाठीला किरणांचा शेक दिला, तेव्हा चार महिने बरे गेले होते. आता दुखणं परतलं होतं, आणि डॉक्टर म्हणत होते, "त्याच जागी पुन्हा शेक दिला तर हात लुळा पडण्याची भीती असते. सहाच असेल तर गोळ्या वाढवून बघू. फारच जास्त असेल, तरच तो धोका पत्करू."

"अहो डॉक्टर," प्रमिलाताईंना राहवेना, "तीस वर्षांत यांनी एकाही पोराला सहाच्या वर मार्क दिले नाहीत! आमची लेक बोर्डात आली, तिच्याही निबंधाला सहाच!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गुरुजी, हा निबंध नाही. खरं सांगा."

गुरुजींनी एकदा बायकोकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "पैकीच्या पैकी."

शेक मिळणार होता. तरी प्रमिलाताईंना वाटलं, निदान एक मार्क तरी कापायचा होता यांनी.