बाटलीवरचा नंबर

वेदिकाचे ओठ काळे झाले होते. पोटातलं विष शोषून घेणारं कोळशाचं औषध नर्सनं तिला बळेच पाजलं होतं. चार वर्षांची पोर रडून रडून आता गप्प पडली होती, आणि त्या गप्प पडण्याचीच तिच्या आजीला, सगुणाबाईंना, जास्त भीती वाटत होती.

"किती गोळ्या खाल्ल्या?" कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं विचारलं.

"सात कमी आहेत," वेदिकाची आई अंजली म्हणाली. "आमच्या सासूबाईंच्या आहेत. फुफ्फुसाच्या."

"गोळीचं नाव?"

अंजलीनं बाटली पुढे केली. तिच्यावर नाव नव्हतं. नुसता नंबर होता, चारशे सतरा.

याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टर रोहिणींनी सगुणाबाईंना नीट समजावलं होतं. नेहमीचे उपचार सगळ्यांचे चालूच राहणार. शिवाय निम्म्या लोकांना नवी गोळी मिळणार आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. सगुणाबाईंनी सही केली. तेव्हापासून रोज गोळी जिभेवर ठेवताना त्या मनात म्हणत, माझी खरी असू दे.

डॉक्टर रोहिणी जिन्यावरून धावतच आल्या.

"खरी गोळी असली तर मोठ्या माणसालाही दिवसाला दोनच झेपतात," त्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला म्हणाल्या. "हिनं सात घेतल्यात, म्हणजे लिव्हर..." अंजलीकडे लक्ष जाताच त्या थांबल्या. "या नंबरात कुठली गोळी आहे, ते उघडायला सांगितलंय. दहा मिनिटं लागतील."

सगुणाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाप थांबत नव्हती. झाकण त्यांच्याच हातून सैल राहिलं होतं. हल्ली बोटांत जोर उरला नव्हता. अंजली त्यांना एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरीनं एकदम डोळे मिटले. "वेदू, झोपू नकोस," अंजली तिचे गाल थोपटत म्हणाली. "वेदू, माझ्याकडे बघ."

सगुणाबाईंनी हात जोडले. खोटी असू दे. माझी गोळी खोटी असू दे.

फोन वाजला. डॉक्टर रोहिणींनी बाटलीवरचा नंबर दोनदा वाचून दाखवला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि श्वास सोडला.

"मुलीला धोका नाही. गोळ्यांत औषध नव्हतं."

अंजली तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. मग रडता रडता मधेच थांबली आणि तिनं सासूकडे पाहिलं.

"आई..."

"पोरीला पाणी दे आधी," सगुणाबाई म्हणाल्या. पदराच्या टोकानं त्या वेदिकाची हनुवटी पुसत राहिल्या. मग वर न बघताच त्यांनी विचारलं,

"डॉक्टरबाई, ज्यास्नी खरी मिळाली, ती माणसं बरी हायेत का?"

"ते मलाही ठाऊक नाही, आजी," डॉक्टर रोहिणी म्हणाल्या. "अजून कुणालाच नाही."

सगुणाबाईंनी मान हलवली आणि पोरीच्या छातीवर हात ठेवला. छाती वर येत होती, खाली जात होती.