टाचेखालचा तळहात

“आता उजवा पाय उचला, फिडेल्मा. मी वरून दाबतो. तरीही उचला.”

डॉक्टर प्रेंडरगास्ट यांचा एक हात तिच्या उजव्या मांडीवर होता. दुसरा तळहात त्यांनी डाव्या टाचेखाली ठेवला होता. फिडेल्माने सारा जीव एकवटून उजवा पाय उचलला. त्याच क्षणी, ज्या डाव्या पायात वर्षभर प्राण नव्हता, त्याची टाच डॉक्टरांच्या तळहातावर आपोआप दाबली गेली.

“जाणवलं?” डॉक्टर हसले. “ताकद शाबूत आहे. मेंदूचा निरोप पायाला पोचताना वाट चुकतो. हा खरा आजार आहे. ढोंग नाही, वेड नाही. आणि यातून माणसं चालू लागतात.”

फिडेल्माच्या डोळ्यांना धारा लागल्या. खिडकीपाशी बसलेल्या तिच्या थोरल्या बहिणीने, ग्रॉन्याने, चहाची नाजूक कपबशी खाली ठेवली. व्याधिग्रस्ताच्या दृष्टीने वैद्य हा ईश्वराच्या जागी असतो. त्या जागेवरून आलेला एक शब्द मनुष्याला उभे करतो, तसाच आडवाही करतो. फिडेल्मा वर्षभर आडवी होती.

आयर्लंडमधल्या डोनेगॉलच्या किनाऱ्यावरील कारखान्यात मासे कापता कापता तिच्या डाव्या पायातले बळ गेले. तेव्हापासून घरातला जिना ती बसून चढत असे, एकेका पायरीवर स्वतःला मागे ओढून घेत. एका रविवारी चर्चमध्ये ती प्रसाद घ्यायला वेदीपर्यंत नीट चालत गेली आणि परत फिरताना कोसळली. या व्याधीची रीतच अशी लहरी. पण गावाला विषय मिळाला. “देवाकडे जाताना पाय चालतो, कामावर जाताना नाही,” असे मासळीवाल्या बायका तिच्या देखत म्हणत. कारखान्याने तिची जागा दुसरीला दिली.

“डब्लिनला महिनाभराचा उपचार असतो,” डॉक्टर सांगत होते. “चालणं नव्यानं शिकवतात. जागा मोजक्या. पण सोमवारी एक रिकामी होतेय, आणि माझ्या शब्दावर ती मिळेल.”

हे खरे होते. त्या अवघ्या प्रांतात ज्याच्या शब्दावर ती जागा मिळावी, असा दुसरा वैद्य नव्हता. डॉक्टरांनी मेजावरच्या फोनवर हात ठेवला आणि सहज विचारले,

“पण इतका उशीर का केलात? तुम्हाला काही झालेलं नाही असं सांगून कुठल्या गाढवानं घरी पाठवलं?”

ग्रॉन्या खाकरली. पण वर्षभराने भेटलेल्या ममतेने फिडेल्माची जीभ सैल झाली होती.

“तुम्हीच, डॉक्टर,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत. सरकारी इस्पितळात.”



फेब्रुवारीतही टाचेखाली हाच तळहात होता. पडदा अर्धा उघडा होता, भोवती विद्यार्थी होते. ग्रॉन्या तिचा कोट धरून उशाशी उभी होती. तेव्हाही उजवा पाय उचलताच डावी टाच अशीच दाबली गेली होती. डॉक्टर तेव्हा तिच्याशी बोलले नव्हते, विद्यार्थ्यांशी बोलले होते: “बघा, पाय दाबतोय. म्हणजे पायाला काहीही झालेलं नाही. पुढचा पेशंट.” तिने विचारले होते, “मग मी चालत का नाही?” हात धुता धुता ते उत्तरले होते, “ते तुम्हालाच ठाऊक.”

टाच एक, परीक्षा एक, परीक्षक एक. तिथे त्या परीक्षेने ती लबाड ठरली आणि इथे रुग्ण ठरली. मधल्या काळात व्याधी बदलली नव्हती. या खासगी दवाखान्याच्या फीसाठी ग्रॉन्याने बाजारात दोन कालवडी विकल्या होत्या, इतकेच.

डॉक्टरांच्या मुद्रेवर लज्जेची छटाही उमटली नाही. ते अधिकच मृदू झाले. त्यांनी दुसऱ्या हाताने फिडेल्माचा हात थोपटला. त्या हाताला महागड्या साबणाचा सुवास होता. ती टाच घरी जाऊन घासूनपुसून धुवावी, असे तिला वाटले.

“फिडेल्मा,” ते म्हणाले, “या आजारात स्मरणही दगा देतं. एकाचा चेहरा दुसऱ्याला चिकटतो. मनाला लावून घेऊ नका. उपचारात तेही सुधारेल.”

मग त्यांनी मान वळवली. “ताई, तुम्ही असता ना हिच्याबरोबर नेहमी? त्या दिवशी मी होतो का तिथे?”

फिडेल्माने सुटकेचा श्वास टाकला. साक्ष होती. त्या दिवशी परतताना गाडीत याच मनुष्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ग्रॉन्यानेच केला होता. शांत, सोशिक ग्रॉन्याच्या तोंडून तसली भाषा तिने त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

ग्रॉन्याने बहिणीकडे पाहिले नाही. तिची दृष्टी फोनवर होती. डॉक्टरांचा हात त्यावर तसाच विसावला होता. त्यांनी फोन अद्याप उचलला नव्हता.

“नाही, डॉक्टर,” ग्रॉन्या म्हणाली. “ते कोणी दुसरेच होते. हल्ली फार विसरते ती.”

डॉक्टरांनी फोन उचलला.