भिंतीपलीकडे गेलेला रोट

सोनालीनं रोटाचं ताट भिंतीवरून पलीकडे दिलं आणि मागच्या नव्या हॉलमध्ये रंगात आलेली कानबाई देवीची गाणी एकदम थांबली.

"वऊ, कोनले दिधा रोट?" सुभद्राबाईंनी सुनेला विचारलं.

"शेजारच्या भूपेंद्रभाईंना," सोनाली म्हणाली.

सोनाली बीडची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या माहेरी सणाचं पहिलं ताट शेजारी जातं. भूपेंद्रभाई स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावत होते, म्हणून तिनं ताट पुढे केलं. कानबाईचा रोट म्हणजे देवीचा प्रसाद, तो भाऊबंदांबाहेर कुणी खायचा नसतो, हे खानदेशात शेंबडं पोरही जाणतं. पण ते सुनेला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आपल्याला जे ठाऊक, ते जगाला ठाऊक असणारच, असं माणूस धरून चालतो.

सुभद्राबाईंचे पाय आज सकाळपासून जमिनीवर नव्हते. उभा जन्म सुरतेच्या बमरोली भागात भाड्याच्या खोलीत गेलेला. कानबाई बसवायची तर सगळे भाऊबंद घरात मावायला हवेत, आणि त्या खोलीत चार माणसं जेवायला बसली की पाचवं दारात उभं. मग दर श्रावणात दुसऱ्याच्या घरी जायचं आणि दुसऱ्याच्या देवीपुढे गायचं. यंदा मुलानं जुन्या सुरतेत शंभर वर्षांचं घर घेतलं. मूळ मालक कधीचा परदेशी, व्यवहार दलालामार्फत. पुढची बाजू जशीच्या तशी ठेवली: सागवानी खांब, कोरीव झरोके. मागे परसात मात्र नवाकोरा हॉल उठवला. लोखंडी खांब, काचेची दारं आणि फरशी तर अशी, की सुभद्राबाईंचे यजमान हिलालभाऊ पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन चालले.

सगळं होतं, फक्त छत नव्हतं. छत टेकणार होतं दोन परसांमधल्या सामाईक भिंतीवर, आणि तिथे भूपेंद्रभाई अडून बसले. "भींतने हाथ नहीं लगाडवानो," एवढंच म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. त्या भिंतीत विटांनी बुजवलेली एक जुनी कोरीव चौकट होती. ती काढू का, असं गवंड्यानं नुसतं विचारलं, तर म्हातारा त्याच्या अंगावर धावून गेला. लोकांनी लगेच निदान केलं की याला खानदेशी शेजार नको आहे. सुभद्राबाई हरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वर ताडपत्री ताणून घेतली आणि म्हणाल्या, "देवी काय छत देखीसन येस?"

देवी आली. तिच्यामागं बमरोलीपासून पार सचिन गावापर्यंतचे भाऊबंद आले. नारळाला नथ चढली, गाण्यांना सूर सापडला, आणि नेमका आताच हा घोळ.

भाऊबंदांत सगळ्यात वडील बाबुराव. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "देवीना कोप व्हई, माय. रोट परत मांगी ल्या."

सोनालीला रडू फुटलं. सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि पहिल्याच वर्षी बट्टा लागला!

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. भूपेंद्रभाईंचं आयुष्य जरीच्या कारखान्यात खानदेशी कारागिरांमध्ये गेलेलं, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी त्यांना येत होतं.

"ओ बाई, हे काय होता? लई सरस होता! अजून आहे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुभद्राबाईंनी देवीकडे पाहिलं, मग सुनेकडे. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या.

"रोट भाऊबंदच खातस ना?" त्यांनी बाबुरावांना विचारलं. "मंग ज्यानी खाधा, तो भाऊबंद व्हई ग्या!"

बोट ठेवायला जागाच नव्हती. बाबुरावांनी टोपी डोक्यावर चढवली आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले, "कानबाई माय की जय!" बायकांनी असा सूर लावला की वरची ताडपत्री फडफडली.

सुभद्राबाई दुसरं ताट घेऊन उरलेल्या विटांच्या ढिगावर चढल्या. सोनालीनं त्यांना खालून धरलं. ती आता रडत रडत हसत होती.

"भूपेंद्रभाई, हाऊ रोट परकाले चालत नही. तुम्ही खाधा, आते तुम्ही आमना भाऊबंद. रोटना गहूमा घरना हर माणूसनी मूठ पडस. पुढला सालले तुमनी बी मूठ धरसूत."

"छत दिधं नही तरी चाली!" खालून हिलालभाऊ ओरडले. आनंदात माणूस काय वाट्टेल ते सोडून देतो.

ताट भूपेंद्रभाईंच्या हातात तसंच राहिलं. सुभद्राबाईंना वाटलं, म्हातारा रागावला, आता ताट परत करतो. पण त्यांनी ते भिंतीवर नीट टेकवलं, पुढे वाकले आणि हात खाली सोडून त्या बुजवलेल्या चौकटीवर ठेवला.

"छत टाका बाई, खुशाल टाका. पण पैला या विटा काढा. तुमच्या घरात माझा भाऊ रहेत होता, तवा इथे दरवाजा होता."