कमरेएवढा डाग

घरमालकांनी भिंत खरवडून रंग दिला, तरी महिन्याभरात बुरशीचा डाग पुन्हा तिथेच उमटला. आता भांडायचंच, असं ठरवून मी त्यांना बोलावलं.

"ही गळती नाही," भिंतीवर हात फिरवत ते म्हणाले. "गळती असती तर दुरुस्ती माझ्याकडे. भिंतीला डोक्याचं तेल लागलंय, त्यावर बुरशी धरते. मुलाला इथे डोकं टेकून उभं राहू देऊ नका."

डाग माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होता. गोल, मधोमध जरा जास्तच काळा.

"काका, आम्हाला मूल नाही," बायको म्हणाली.

त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"आधीचे भाडेकरूही हेच सांगायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "खोटारडे म्हणून मी त्यांना घर सोडायला लावलं. पण तेव्हा डाग गुडघ्याएवढ्या उंचीवर होता."