दरीकाठचं गाऱ्हाणं

सूर्य बुडायला अजून अवकाश होता, पण मोबाइल आधीच वर झाले होते. लालबागच्या एकाच चाळीची अख्खी बस सांदण दरीच्या काठावर पसरून बसली होती आणि प्रत्येकाला सूर्य स्वतःच्याच खांद्यावर हवा होता. सहल घेऊन आलेला वैभव गळ्यात शिट्टी अडकवून, कड्यापासून मागे राहा, मागे राहा, असं घसा बसेपर्यंत बजावत होता. तरणी मंडळी दुपारी दरीत उतरून धडधाकट वर आली होती, तेव्हा आता आपल्याला कोण काय सांगणार, अशा थाटात ती चकल्यांवर तुटून पडली होती.

सुचित्राबाईंना दरीचं फारसं पडलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. दगडू एका कातळावर पाठ ताठ ठेवून बसले होते. पायात नवे कोरे बूट होते. ते त्यांच्या लेकाने, हितेंद्रने, याच जागेसाठी आणून ठेवले होते. वैभव आणि तो मिळून इथल्या सहली काढायचे. बाबा, एकदा तरी चला, म्हणून तो दर हिवाळ्यात मागे लागायचा आणि दगडू दर हिवाळ्यात पुढच्या वर्षावर ढकलायचे. गेल्या वर्षी गणपतीत हितेंद्र ऑफिसच्या जिन्यात छातीवर हात ठेवून बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून दगडूंनी पोराचं नाव उच्चारलं नव्हतं. फोटोचा हार बदलायचे, पण कुणी आठवण काढली की उठून गॅलरीत जायचे. घरात माणसं दोनच, त्यात एकाने ते नाव टाकून दिलेलं. सुचित्राबाईंना रडायलाही जोडीला कोणी नव्हतं. सहलीचं कळल्यावर त्या हात धुऊन नवऱ्याच्या मागे लागल्या, त्या एवढ्याचसाठी. लेकाची जागा बघून तरी ह्यांचं तोंड उघडेल. नुसतं हितेंद्र म्हटलं तरी पुरे होतं.

पण सकाळपासून दगडू गप्पच होते. चाळीतली गाऱ्हाणी दगडूंनीच घालायची, हे कित्येक वर्षं ठरून गेलेलं. देवाला हाक मारून त्यांनी मागायचं, पुरुषांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची आणि बायकांनी मागे हात जोडून उभं राहायचं. गेल्या वर्षी त्यांनी मंडळाच्या गणपतीपुढे असंच सगळ्यांसाठी मागितलं, लेकासाठीही मागितलं, आणि विसर्जनाच्या आधीच लेक गेला. त्या दिवसापासून त्यांचं आणि देवाचं बोलणं बंद होतं. यंदाच्या गणपतीत ते चाळीखाली उतरले नव्हते. आज बस सुटताना नारळ पुढे केला, तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली होती.

सूर्य खाली आला. दरीची भिंत तांबूस झाली आणि मग तळापासून काळोखी वर चढू लागली. दरीच्या तोंडापलीकडे खाली कोकण पसरलं होतं. दगडूंचं गाव तिथून कितीतरी लांब, पण कोकण ते कोकणच.

वैभव नारळ घेऊन पुढे आला. इथे सूर्य बुडाला की हितेंद्र कोकणाकडे तोंड करून परतीचं गाऱ्हाणं घालायचा, हुबेहूब बापाच्या आवाजात, असं त्याने सांगितलं. आपल्याला ते जमायचं नाही, पण त्याचा रिवाज मोडवत नाही. त्याने सुरुवात केली, दुसऱ्याच वाक्याला अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच अडला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

दगडू उठले. गाऱ्हाणं असं लंगडताना त्यांना ऐकवेना. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा रवळनाथा, आज हय जमलेल्या तुझ्या लेकरांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळे पुरुष एका दमात म्हणाले.

किती दिवसांनी तो आवाज ऐकत होत्या सुचित्राबाई. दगडूंनी बसच्या चाकांसाठी मागितलं, ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी मागितलं. चाळीत कोणाची सून पोटुशी होती, कोणाचा मुलगा परदेशात होता, त्यांच्यासाठी मागितलं. दर मागण्याला साथ येत होती, तसा आवाज चढत होता. वर्षानुवर्षांची पाठ झालेली वाट होती, जीभ आपली आपण चालत होती.

“आणि माझो झील हितेंद्र, डोंगरात फिरता. त्येका सांभाळ, आणि येळेर घराक आण रे म्हाराजा.”

कोणीच काही म्हणालं नाही. वैभवने मान खाली घातली. बाकीचे पुरुष दरीकडे बघत राहिले. जो घरी येणारच नाही, त्याच्यासाठी हो कसं म्हणायचं, हे कोणालाच उमगेना.

दगडूंचे डोळे उघडले. आपण काय बोलून गेलो, ते त्यांना आता कळलं. पण जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत. साथ आल्याशिवाय गाऱ्हाणं सोडायचं नसतं, म्हणून ते तसेच उभे होते, की त्यांना हात खाली घेताच येत नव्हते, कोण जाणे. वर्षभर ज्या नावासाठी सुचित्राबाई आसुसल्या होत्या, ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालं होतं.

बायकांच्या घोळक्यातून वाट काढत त्या पुढे आल्या. नवऱ्याला खेटून उभ्या राहिल्या, खाली कोकणाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” त्या म्हणाल्या.