तांदळाच्या वर दोन पेरं

गार्गीने पातेल्यात शिजवलेला तिचा पहिलावहिला भात तिघींच्या ताटांत वाढला. सोमवारी तिच्या आईचं, प्रमिलाचं, ऑपरेशन होतं. डॉक्टर कशाचीच खात्री देत नव्हते, बाप ट्रकवर महिना महिना बाहेर, आणि प्रमिला नऊ वर्षांच्या पोरीला चार दिवसांत अख्खा संसार शिकवायला निघाली होती.

दोघी बहिणी मुकाट जेवत होत्या. प्रमिलाने घास घेतला आणि दाताखाली तांदूळ करकरला.

“अगं, कच्चाय हा. बोलला का नाहीत?”

“पानातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, तूच सांगितलंस,” धाकटी म्हणाली.

प्रमिला गार्गीवर खेकसली, “पाणी किती घातलंस? हजारदा सांगितलं, तांदळाच्या वर दोन पेरं.”

“दोनच पेरं घातलं.” रडवेल्या गार्गीने बोट पुढे केलं.

प्रमिलाने आपलं बोट त्याला लावून पाहिलं. तिच्या दोन पेरांत लेकीचं अख्खं बोट मावत होतं.

“तू तीन घाल,” ती हळूच म्हणाली.

“आणि बोट वाढल्यावर?”

प्रमिलाने त्याच कच्च्या भाताचा आणखी एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.