खाली शून्य, वर दोनशे

“खाली शून्य, वर दोनशे धरा,” साहेब म्हणाले. “म्हणजे रेघ गुमान पडून राहील.”

आरेखक बाईंनी मान हलवली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. लाकूड कापायच्या त्या कारखान्यात वर्षातून एकदा अपघातांचा आलेख त्यांच्याकडेच येई. उद्या मालक येणार होते. करवतींना जाळ्या बसवायच्या की नाही, ते ठरवणार होते. आकडे वाचायचा त्यांना कंटाळा. भिंतीकडे एक नजर टाकायची, की झालं.

पाच वर्षांचे जखमी कामगार: चार, पाच, सात, नऊ, अकरा. बाईंनी एकही आकडा बदलला नाही. ठिपके दिले, काळ्या शाईने रेघ ओढली. जेवून लवंडलेल्या माणसासारखी ती कागदाच्या तळाशी निवांत पसरली. बाईंनी कागद फळ्यावर टाचला.

दुपारी पैलवान डोकावला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. गेल्या महिन्यात करवतीने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. तेव्हापासून तो फाटकावर बसे.

“काय ताई, आमचे पराक्रम भिंतीवर लावलेत?”

“तुझ्या एकट्याचे नाहीत रे. सगळ्यांचे आहेत.”

“मग यात मी कुठला, ते तरी दाखवा. घरी सांगतो, फोटो लागला म्हणून.”

बाई हसल्या. पेन्सिल घेऊन शेवटच्या ठिपक्यापाशी गेल्या. तिथे काही सापडेना. त्यांनी पट्टी लावली. एक माणूस एक मिलिमीटर भरत होता. दुरून दिसावी म्हणून काढलेली रेघ दोन मिलिमीटर जाड होती.

“तू रेघेखाली गेलास,” त्या हळूच म्हणाल्या.

“आधी करवतीखाली, आता रेघेखाली. बरं चाललंय आपलं.”

या वेळी बाई हसल्या नाहीत. त्यांनी टाचण्या काढल्या आणि टेबलावर नवा कागद पसरला.

“हात ठेव इथे,” त्या म्हणाल्या. “उजवा.”

संध्याकाळी साहेब आले आणि दारातच थबकले. कागदाला कागद जोडून आलेख फळ्याच्या बाहेर गेला होता. रेघ जिन्यासारखी वर चढली होती.

“हे काय मांडलंय? आकडे बदललेत की काय?”

“आकडे तेच आहेत.”

“मग प्रमाण काय धरलंत?”

बाई शाईची दौत बंद करत होत्या. “एका माणसाला एक बोट,” त्या म्हणाल्या.